मालमोटारचालकाची रजा कोणाच्या खर्चाने?

नगरकडून कडा आणि आष्टी मागे टाकून आलेली एखादी मालमोटार जामखेडच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उभी राहते. चालक खाली उतरतो. सोबत क्लीनर असला तर गाडी त्याच्या हवाली करतो, नसला तर जवळच्या टपरीवाल्याला लक्ष ठेवण्यास सांगतो आणि कोणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून आपल्या गावात जातो. आंघोळ, गरम भाकरी, आईच्या औषधाची चौकशी, मुलाच्या वहीवर एक नजर, एवढे झाले की दोन तासांच्या आत तो पुन्हा गाडीत बसलेला असतो. माल बीडच्या पुढे जावयाचा असतो. ‘या महिन्यात येऊन गेले,’ असे मग घरची माणसे शेजाऱ्यांना सांगतात, आणि ते खोटे नसते. लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीवर पोट असलेल्या कुटुंबात घरी येणे आणि घरी असणे यांतील अंतर इतके मोठे झाले आहे की दोन तासांच्या भेटीचीही तेथे नोंद ठेवली जाते.

मालमोटारचालकांविषयी सरकार अगदीच उदासीन आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड मालमोटारींत चालकाच्या कक्षाचे वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. सार्वजनिक क्षेत्रातील तेल कंपन्यांनी महामार्गांवरील पंपांवर चालकांसाठी विश्रामगृहे उभारण्यास आरंभ केला असून तेथे झोपण्यास खाट, अंघोळीची सोय आणि स्वतःचे अन्न शिजविण्यास जागा मिळते. वैमानिकांप्रमाणे मालमोटारचालकांचेही गाडी चालविण्याचे तास ठरवून द्यावेत, असे मत केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी २०२१ साली मांडले होते. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु या सर्व योजनांमध्ये चालक हा रस्त्यावरचा माणूस म्हणूनच दिसतो. त्याला थंड हवा मिळावी, झोप मिळावी, त्याच्या हातून अपघात होऊ नये, इथपर्यंत विचार पोहोचतो. तो वर्षातले किती दिवस आपल्या घरी असतो आणि त्या दिवसांचे पैसे कोण भरतो, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. पंपांवरील त्या विश्रामगृहांना ‘अपना घर’ असे नाव देण्यात आले आहे. नाव ठेवणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार, पण परक्या प्रांतातल्या पंपामागच्या खाटेला घर म्हणण्याची पाळी यावी, यातच या धंद्याची सारी स्थिती आली.

जामखेड हा अहिल्यानगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचा तालुका. बीड, धाराशिव आणि सोलापूर हे तिन्ही जिल्हे त्याच्या शिवेला लागून आहेत. पाऊस बेताचा, बालाघाटाच्या डोंगरउतारावरची जमीन हलकी, उडीद-तुरीवर आणि रब्बीच्या ज्वारीवर संसार, आणि रेल्वे नाही. अशा प्रदेशातून माणसे बाहेर पडणार हे ओघानेच आले. दिवाळीनंतर उसाच्या तोडीला जाणाऱ्यांच्या टोळ्या साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. त्यांच्यावर कथा-कादंबऱ्या लिहिल्या गेल्या, विधिमंडळात चर्चा झाल्या, साखर कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेऊन त्यांच्यासाठी महामंडळही निघाले. ऊसतोडीला जाणारा माणूस सहसा बायकामुलांसह जातो. पोरांच्या शाळेचे त्यात जे नुकसान होते ते भयंकर आहे, पण कुटुंब निदान एका कोपीत असते, आणि पाडव्याच्या आगेमागे पट्टा पडला की सारे गावी परततात. मालमोटारीवर गेलेला माणूस एकटा जातो आणि त्याच्या हंगामाला पट्टा पडत नाही. चाकण, भिवंडी किंवा न्हावा-शेवा येथे तो गाडीवर चढला की पुढे गाडी नेईल तेथे जातो. टोळी गेली की गाव ओस पडलेले दिसते. चालक गेला तर गावात काहीच ओस पडत नाही, एका घरातील एक माणूस तेवढा कमी होतो. म्हणूनच कदाचित या स्थलांतराला स्थलांतर म्हणण्याची आपल्याला सवय नाही.

या धंद्यात रजा कशी मिळते, किंबहुना कशी घेतली जाते, ते पाहण्यासारखे आहे. चालकाचा मोबदला बहुधा खेपेवर बांधलेला असतो. काही ठिकाणी थोडा मासिक पगार आणि वर खेपेचा भत्ता असतो, काही ठिकाणी डिझेल, टोल व वाटखर्चासाठी ठोक रक्कम देऊन उरेल ती चालकाची असा करार असतो. तपशील कसाही असो, गाडी चालली तर कमाई होते आणि गाडी थांबली तर होत नाही. चालकाला घरी जावयाचे असले तर आधी खेपेचा हिशेब पुरा करावा लागतो, अंगावरची उचल वळती करून घ्यावी लागते, आणि माणूस परत यावा म्हणून मालकाने मागे ठेवलेल्या बाकीवर तूर्त पाणी सोडावे लागते. तो गाडीवरून उतरला की दुसरा चालक चढतो, कारण गाडी उभी ठेवणे मालकाला परवडत नाही. चार दिवसांनी हा परत येतो तेव्हा त्याची गाडी आसामात गेलेली असते. मग दुसरी गाडी मिळेपर्यंत मालकाच्या अड्ड्यावर किंवा एखाद्या ट्रान्स्पोर्ट नगरात बसून राहणे आले. अशा रीतीने घरचे चार दिवस, जाण्यायेण्याचे दोन आणि वाट पाहण्याचे दोन-चार, असे आठ-दहा दिवस बिनपगारी जातात. रजा मागितली तर नकार कोणी देत नाही. ‘जा की’ असेच मालक म्हणतो. नकाराची गरजच नसते. ज्या रजेची किंमत मागणाऱ्यालाच मोजावी लागते, ती तो आपणहून कमी मागतो.

आणि ते चार दिवस तरी विश्रांतीचे असतात काय? चालक घरी येतो तो कामांची यादी वाट पाहत असते म्हणून. सातबारा त्याच्या नावावर, बँकेचे खाते त्याच्या नावावर, पीककर्जाच्या नूतनीकरणाला सही त्याची लागते. शिधापत्रिकेवर नाव टिकविण्यासाठी किंवा सरकारी अनुदानासाठी ओळख पटवावयाची तर अंगठा किंवा चेहरा त्याचाच हवा असतो. बांधावरून शेजाऱ्याशी झालेला वाद, म्हाताऱ्या वडिलांचा मोतीबिंदू, मुलीच्या शाळेचा दाखला, गळणारे छत, ही सारी कामे ‘ते आल्यावर पाहू’ म्हणून महिनाभर टांगलेली असतात. शिवाय लोकव्यवहार आहेच: राहून गेलेले सांत्वन, न गाठलेले लग्न, कुलदैवताचा राहिलेला कुळधर्म. नागपंचमीला जामखेडात नागेश्वराची यात्रा भरते. तिला येऊ असे ज्याने पोरांना कबूल केले तो त्या दिवशी बहुधा कोठल्यातरी गोदामाच्या दारात माल उतरण्याची वाट पाहत असतो.

इकडे घरी शेती, गुरे, सासूसासरे आणि शाळा हे सारे त्याची पत्नी एकटी ओढते. निर्णय ती घेते. कागदावर मात्र तिचा अधिकार नसतो. कामाची जबाबदारी एकाकडे आणि सहीचा अधिकार शेकडो कोस दूर असलेल्या दुसऱ्याकडे, अशी एखाद्या कचेरीची व्यवस्था असती तर ती आठ दिवसांत बंद पडली असती. घरे चालतात, कारण ती बाई चालविते. देशातील मालवाहतूक स्वस्त आहे असे आपण जेव्हा म्हणतो तेव्हा तिच्या या बिनमोल श्रमाचाही त्या स्वस्ताईत वाटा आहे, हे अर्थशास्त्राच्या कोणत्याच कोष्टकात येत नाही.

सरकारी धोरणाला चालकाचे घरापासून तुटलेपण एकदा जाणवले होते, पण ते वेगळ्या कारणाने. एड्सच्या प्रतिबंधाचे कार्यक्रम आखले गेले तेव्हा लांब पल्ल्याच्या मालमोटारचालकांची गणना ‘सेतू समूहा’त करण्यात आली, म्हणजे ज्यांच्यामार्फत रोग शहरातून खेड्यातल्या घरापर्यंत पोहोचतो अशा लोकांत. मालमोटारींच्या तळांवर दवाखाने निघाले, पत्रके वाटली गेली. ते काम आवश्यकच होते. परंतु माणूस महिनोन्महिने घराबाहेर का असतो, हा प्रश्न त्या कार्यक्रमाच्या कक्षेत नव्हता. तो बाहेर असणार हे गृहीत धरूनच सारी आखणी झाली. ज्या जामखेडात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू करून आरोग्याची सूत्रे गावातल्या साध्या स्त्रियांच्या हाती दिली, त्या जामखेडला तरी आरोग्य हे मुळात घरातल्या माणसांच्या आयुष्यक्रमातून घडते हे वेगळे सांगावयास नको.

आता कायद्याकडे वळू. चालकाच्या रजेसाठी कायदाच नव्हता असे नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार अधिनियमाने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. लांबच्या मार्गांसाठी पूर्वपरवानगीने ती दहा आणि ५४ पर्यंत वाढविता येत असे. आठवड्यास एक दिवस सुटी, वर्षात २४० दिवस काम केलेल्यास पुढील वर्षी दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा, जादा कामास दुप्पट वेतन, असे सर्व काही त्यात लिहिले होते. पण तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायसंस्थांना. आपल्याकडील मालमोटारींचा धंदा बहुतांशी एक, दोन, चार गाड्यांच्या मालकांचा आहे. कायद्याचा उंबरठा पाचावर आणि धंदा चारावर, असे हे गणित होते, आणि मोठ्या कंपन्यांनीही आपला माल या छोट्या मालकांच्या भाड्याच्या गाड्यांतून नेण्याची रीत पाडल्यामुळे उंबरठ्याच्या आतील माणसे आणखी कमी झाली. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता अमलात आल्या आणि १९६१ चा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत विलीन झाला. नव्या संहितेने रजेस पात्र होण्याची अट २४० दिवसांवरून १८० दिवसांवर आणली, हे चांगले झाले. परंतु मोटार वाहतूक संस्थेची व्याख्या करताना तिने कामगारांची संख्या पाचावरून दहावर नेली. म्हणजे रजा मिळविणे सोपे केले आणि ती मिळू शकणाऱ्यांची संख्या घटविली. जामखेडच्या चालकाला अर्थात या दोन्ही बदलांचा स्पर्श होण्याचे कारण नाही, कारण त्याचा मालक जुन्या हिशेबातही बसत नव्हता आणि नव्यातही बसत नाही.

दरम्यान वाहतुकीत खरोखरच एक मोठी क्रांती झाली, आणि ती वेळेची क्रांती होती. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. राज्यांच्या सीमांवरील विक्रीकराचे नाके उठले, मुंबईची जकातही त्याच दिवशी इतिहासजमा झाली. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्याने टोलनाक्यावरच्या रांगा आखडल्या. रस्ते रुंद झाले, गाड्यांची इंजिने बलवान झाली. नाक्यांवर तासन्‌तास, कधी दिवसही खाणारी खोळंब्याची जुनी पद्धत संपली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे एक साधा प्रश्न विचारावयास हवा: हा वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडला? माल पाठविणाऱ्याला माल लवकर पोहोचल्याचा लाभ झाला, त्याचे गोदामात अडकलेले भांडवल मोकळे झाले. मालकाची गाडी महिन्यात एखादी खेप अधिक करू लागली, मात्र स्पर्धेमुळे भाडी वाढली नाहीत, तेव्हा त्याचाही लाभ बराचसा ग्राहकाकडे वाहून गेला. चालकाच्या वाट्याला अधिक खेपा आल्या. वाचलेल्या वेळातला एक दिवसही घराच्या खाती जमा झाला नाही. कारण घरचा दिवस हा त्या व्यवहाराच्या कोणत्याही करारात कधी नव्हताच.

मालाचा दिवस मात्र कायद्याने मोजलेला आहे. ई-वे बिलाची मुदत २०१८ साली शंभर किलोमीटरला एक दिवस अशी होती, १ जानेवारी २०२१ पासून ती दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी आहे. मुंबईहून कोलकाता सुमारे दोन हजार किलोमीटर. म्हणजे कागदाला दहा दिवस मिळतात. हे प्रमाण उदारच आहे, त्यामुळे चालकाच्या दगदगीचा दोष त्या कागदावर टाकता येणार नाही. व्यापारी करार याच अंतराला त्याच्या निम्मेही दिवस देत नाहीत. दिवसाला दहा तास आणि ताशी चाळीसचा सरासरी वेग धरला तर हे अंतर पाच दिवसांचे आहे. यापेक्षा लवकर माल पोहोचतो तेव्हा तो कोणाच्या तरी झोपेतून वेळ काढून पोहोचलेला असतो.

आणि एवढी धावपळ करून गाडी पोहोचली की पुढे काय होते? ती थांबते. गोदाम भरलेले आहे, तपासनीस जेवायला गेला आहे, रविवार आहे, कागदात चूक आहे. धंद्याच्या भाषेत याला ‘खोटी’ म्हणतात, आणि हा शब्द कोणत्याही चालकाच्या तोंडून जितक्या वेळा ऐकू येतो तितका दुसरा क्वचितच येत असेल. उतरवून घेण्यास एक दिवस, परतीचे भाडे मिळण्यास दोन-तीन दिवस, भरण्यास आणखी एक. रस्त्यावर जे तास वाचविले ते दारात गमावले. या खोटीची मेख अशी की ती करणाऱ्याला तिची किंमत पडत नाही. रेल्वेचा वाघीण ठरलेल्या वेळेत रिकामा केला नाही तर व्यापाऱ्याला विलंब-आकार भरावा लागतो, म्हणून तो रात्री दिवे लावून हमाल उभे करतो. मालमोटारीच्या बाबतीत मालक थोडाफार थांबा-आकार मागतो, कधी मिळतो, कधी भाड्याच्या घासाघिशीत विरून जातो. चालकापर्यंत तो पोहोचलाच तर जेवणाच्या पैशांपुरता. जी गोष्ट फुकट मिळते तिची उधळपट्टी होते, हा नियम पाण्याला लागू आहे तसा माणसाच्या वेळेलाही आहे. चालकाचे घरचे दिवस कोठे जातात याचा शोध घेतला तर त्यांतले पुष्कळसे रस्त्यावर नव्हे, गोदामांच्या फाटकाबाहेर सापडतील.

दूरचा प्रवास म्हणजे घरापासून ताटातूट असा काही निसर्गनियम नाही. दख्खनच्या मोहिमांना धान्य पुरविणारे आणि मीठ-मिरचीचा व्यापार करणारे लमाण बैलांच्या पाठीवर माल लादून शेकडो कोस चालत, पण तांडा म्हणजेच त्यांचे घर होते. रेल्वे आल्यावर इंजिनचालकाला घर बरोबर नेणे शक्य नव्हते, म्हणून ‘मुख्यालय’ ही कल्पना निघाली. बाहेरगावची विश्रांती वेगळी आणि मुख्यालयाची वेगळी. पहिली दुसरीची जागा घेऊ शकत नाही, आणि माणसाला ठरावीक मुदतीत मुख्यालयी परत आणणे हे प्रशासनाचे काम आहे, हे तत्त्व तेथे मान्य झाले. ते सहजासहजी झाले नाही. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या १९४७ च्या निवाड्यात कामाचे तास, नियतकालिक विश्रांती आणि रजा यांचा एकत्र विचार झाला. पुढे १९६९ मध्ये न्यायमूर्ती मियाभाई यांच्या न्यायाधिकरणापुढे पुन्हा भांडावे लागले. त्यातील एक मर्म फार महत्त्वाचे आहे. कोणी रजेवर जाईल हे धरून आधीच जादा माणसे नेमलेली नसतील, तर रजा ही केवळ कागदावर राहते. आपल्या एस. टी. चे उदाहरण तर जामखेडच्या आगारातच आहे. एस. टी. चा चालक मुक्कामाला जातो, पण दुसऱ्या दिवशी आगारात परततो. तो सुटीवर असला तरी गाडी सुटते, कारण आगारात बदलीचा माणूस असतो. त्या आगाराच्या फाटकासमोरून जाणाऱ्या मालमोटारीच्या चालकाला यातील काहीच नाही. दोघांचा परवाना एकाच कचेरीने दिलेला असतो.

परदेशांत काय चालते हेही पाहून ठेवावे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७९ मध्ये रस्ते वाहतुकीतील कामाच्या तासांविषयी १५३ क्रमांकाचा करार केला, त्याला भारताने मान्यता दिलेली नाही. अमेरिकेत तास कायद्याने ठरले आहेत, पण घरचे दिवस कंपनीच्या प्रथेवर सोडले आहेत. बाहेर काढलेल्या आठवड्यामागे घरी एक दिवस असा हिशेब तेथे पुष्कळ ठिकाणी चालतो. युरोपीय संघाने २०२० साली एक पाऊल पुढे टाकले: चालकाला दर चार आठवड्यांत निदान एकदा घरी किंवा त्याच्या मूळ केंद्रावर परतता येईल अशी आखणी करणे ही कंपनीची जबाबदारी ठरविली, आणि आठवड्याची पूर्ण विश्रांती गाडीतच घेण्यास मनाई केली. तेथील यंत्रणा येथे जशीच्या तशी आणता येणार नाही. घेण्यासारखे आहे ते एवढेच की परतणे ही चालकाची हौस न मानता वाहतुकीच्या नियोजनाचा भाग मानली गेली.

येथे छोटा मालक म्हणेल की हे सर्व ठीक आहे, पण माझी गाडी कर्जाची आहे आणि हप्ता रविवार ओळखत नाही. त्याचे म्हणणे खरे आहे. एका गाडीचा मालक पुष्कळदा स्वतःच चालक असतो, आणि त्याला तर नोकर चालकाएवढीही मोकळीक नसते. म्हणून मालकाला खलनायक ठरवून या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही. एका गाडीला दीड चालक ठेवणे कोणालाही शक्य नाही. शंभर गाड्यांना दीडशे चालक ठेवणे शक्य आहे. टप्प्याटप्प्यावर चालक बदलून प्रत्येकाने त्याच दिवशी घरी परतावे, अशी पद्धत रिव्हिगो या कंपनीने २०१४ नंतर मोठ्या प्रमाणावर करून पाहिली. २०२२ मध्ये तिचा मुख्य व्यवसाय महिंद्र लॉजिस्टिक्सने विकत घेतला, तेव्हा प्रयोग आर्थिकदृष्ट्या सोपा नव्हता हे उघड आहे. पण एकट्या कंपनीने साऱ्या देशभर टप्पे उभारणे वेगळे, आणि रस्त्यांच्या सांध्यावरच्या गावी अनेक मालकांनी मिळून बदली चालकांचा ताफा ठेवणे वेगळे. साखर, दूध आणि सूत यांसाठी सहकार उभारणाऱ्या महाराष्ट्राला ही कल्पना अवघड वाटू नये. नगर, बीड, करमाळा आणि खर्डा या चारही बाजूंचे रस्ते जेथे मिळतात ते जामखेड अशा ठिकाणांपैकी एक आहे.

मुख्य अडचण पैशाची. येथे महाराष्ट्राजवळ स्वतःचेच उत्तर आहे, आणि ते मालमोटारीपासून दहा पावलांवर उभे आहे. जो हमाल गाडीत पोती भरतो त्याचाही कायम असा एक मालक नसतो. आज या पेढीवर, उद्या त्या. त्याची स्थिती एकेकाळी चालकापेक्षा वाईट होती. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांची हमाल पंचायत, मुंबईत अण्णासाहेब पाटील यांची माथाडी कामगारांची चळवळ, यांतून १९६९ चा माथाडी कायदा आला. मंडळाने मजुरीवर टक्केवारीने आकार घ्यावा, तो मालधन्याने भरावा, आणि त्यातून हमालाला भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी व भरपगारी रजा मिळावी, अशी ती योजना. मालक अनेक असले तरी रजा एक असू शकते, हे त्या कायद्याने सिद्ध केले. माथाडी मंडळांत गैरप्रकार शिरले आहेत, बनावट माथाडींच्या नावाने खंडणी उकळली जाते, या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यांचा बंदोबस्त झालाच पाहिजे. तत्त्व मात्र त्यामुळे खोटे ठरत नाही. आज नोंदलेल्या हमालाच्या नावे रजेचे पैसे जमा होतात, आणि त्याच पोत्यांवर ताडपत्री बांधून दोन हजार किलोमीटर जाणाऱ्याच्या नावे काहीच जमा होत नाही.

या आकाराचा बोजा किती पडेल? समजा, पंचवीस टन माल नेणाऱ्या गाडीच्या लांब पल्ल्याच्या प्रत्येक खेपेवर एक हजार रुपये रजा-आकार बसविला. किलोमागे तो चार पैसे होतो. महिन्यात दोन खेपा धरल्या तर चालकाच्या खाती वर्षाला चोवीस हजार जमतात. दिवसाला आठशे रुपये या हिशेबाने ते तीस दिवसांचे वेतन झाले. साखरेच्या वा सिमेंटच्या ग्राहकाला चार पैशांची वाढ जाणवणारही नाही. हा आकार मालकावर न बसविता माल पाठविणाऱ्यावर बसवावा, कारण भाड्याच्या सौद्यात मालकाची बाजू आधीच दुबळी आहे. भरणाही सोपा आहे: प्रत्येक खेपेचे ई-वे बिल निघतेच, त्याच वेळी तो घेता येईल. रिक्षा व टॅक्सीचालकांसाठी राज्याने २०२४ मध्ये कल्याणकारी मंडळ स्थापन केले. रिक्षाचालक रात्री घरी जेवतो. जो जेवत नाही त्याच्यासाठीही मंडळाचा विचार व्हावयास हरकत नसावी.

मालमोटारींना चालक मिळत नाहीत, तरुण पोरे या धंद्यात येत नाहीत, अशी मालकांची अलीकडे मोठी तक्रार आहे. त्याचे कारण शोधण्यास समित्या नेमण्याची आवश्यकता नाही. खेड्यातला तरुण मोटार चालविण्यास आजही उत्सुक आहे, पण त्याला रात्री परत आणणारी गाडी हवी असते. लग्नाच्या बैठकीत ‘मुलगा लांबच्या गाडीवर आहे’ एवढे ऐकले की मुलीकडचे वडीलधारे गप्प होतात. बाजार आपल्या पद्धतीने घरच्या दिवसांची किंमत मागू लागला आहे. ती भाड्यात धरावयाची की चालकांच्या तुटवड्याच्या रूपाने भरावयाची, एवढेच ठरावयाचे आहे.

खोटीच्या बाबतीत तर नव्या कायद्याचीही वाट पाहावी लागणार नाही. मोठ्या कारखान्याच्या वा गोदामाच्या फाटकावर पहारेकरी एक वही ठेवतो. गाडीचा क्रमांक, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ आणि चालकाची सही तीत असते. माल चोरीस जाऊ नये म्हणून ती वही निघाली. गाडी फाटकाबाहेर रांगेत लागल्याची वेळ लिहिण्यास तीत आणखी एक रकाना आखावा, ठरलेल्या तासांच्या पुढचा प्रत्येक तास मोजावा आणि त्याचे पैसे भाड्याच्या बिलात न मिसळता चालकाच्या खात्यावर वेगळे पाठवावेत. रकाना आखण्यास एक पट्टी आणि एक पेन लागेल.